आधी आभाळाचं पाणी

२ ऑक्टोबर

ताई, नमस्कार.

कारण असल्याशिवाय बारक्या पेन उचलत नाही, असं तू चारचौघांत सांगत असतेस. तुला खोटं कशाला पाडू? कारण आहे. फोनच केला असता, पण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतेस. हे काम तसं भागणारं नाही.

सध्या एक टाकी बांधतोय. जन्मभर टाक्याच बांधल्या, त्यात नवल काय म्हणशील. पण हिच्यातलं पाणी ना प्यायचं, ना वापरायचं. माणसाने आत उतरून बुडी मारायची आहे. इथे ज्यू लोकांची दहा-बारा घरं आहेत. त्यांच्या प्रार्थनाघरामागच्या खोलीत एक जुना हौद होता, तो तडकून कित्येक वर्षं झाली. ते त्याला मिक्वे म्हणतात. बायका महिन्याच्या महिन्याला आणि नवरी लग्नाआधी त्यात पूर्ण बुडून शुद्ध होतात. हौद गेल्यापासून बिचाऱ्या त्यासाठी बसने सहा तास लांब जातात. या मंडळींचे प्रमुख म्हणजे एक म्हातारे घड्याळजी. नऊ नोव्हेंबरला त्यांच्या नातीचं लग्न आहे, आणि तिने आपल्याच घरच्या पाण्यात उतरावं असं त्यांच्या मनात आहे. सात पायऱ्या, छातीइतकी खोली आणि तळाला भोक नाही. बिनभोकाची टाकी मी पहिल्यांदाच बांधली. म्हटलं, घाण पाणी काढायचं कसं? म्हणाले, उपसायचं.

आता अडचण ऐक. गळती बघायला मी नळाला पाइप लावून टाकी अर्धी भरली, भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली आणि तीन दिवस वाट पाहिली. पाणी रेघेखाली गेलं नाही, म्हणजे काम चोख. पण घड्याळजींनी एक कागद देऊन ठेवलाय. तपासणीचं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत उपसा, फडक्याने पुसून काढा, मग गच्चीच्या पन्हळीतून आभाळाचं पाणी खुणेपर्यंत येऊ द्या, आणि त्यानंतर नळाचं हवं तेवढं घाला. आधी आभाळाचं, मग नळाचं. इथे ऊन असं तापतंय की कच्चं प्लास्टर कोरडं पडलं तर तडकणार. पाणी आत राहिलं तर प्लास्टर पिकून घट्ट होईल, आणि पाऊस आला की वरून आभाळाचंही भरेल. शेवटी दोन्ही पाणी एकाच टाकीत जायची आहेत ना?

घड्याळजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे गेलेत. डोळ्याला पट्टी बांधलेल्या माणसाला या गोष्टीसाठी छळायचं जिवावर येतं. तू पाळकांच्या विद्यालयात एकतीस वर्षं जुनी शास्त्रं शिकवलीस. एवढंच सांग, क्रम उलटा केला तर बिघडतं काय?

चिमणी कशी आहे? लेकीबद्दल तू बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नाहीस.

तुझा
बारक्या

६ ऑक्टोबर

बारक्या,

काहीही बिघडत नाही. उत्तर पहिल्याच ओळीत दिलं, कारण पुढचं तू वाचशील याची खात्री नाही.

तरी वाच. हे धुण्याचं प्रकरण फार जुनं आहे. ज्यूंच्या देवाचं मंदिर तंबूत होतं तेव्हा दाराशी पितळेचं गंगाळ असे आणि याजकाने हातपाय धुतल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, असा दंडक होता. मग नियम वाढत गेले. प्रेताला शिवलास, धू. आजारातून उठलास, धू. पुढे दगडी मंदिराच्या काळात खडक पोखरून पायऱ्यांचे हौद केले, तू बांधलास तसलेच. श्रीमंताला घरात, यात्रेकरूला रस्त्यालगत. वाळवंटाच्या कडेला एक पंथ राहायचा, ते लोक जेवायला बसण्याआधी बुडी मारत. परका माणूस ज्यू व्हायला आला की त्यालाही बुडी. ती पद्धत नेमकी कधी सुरू झाली यावर पंडितांची भांडणं आहेत, ती आपण त्यांनाच करू देऊ.

या सगळ्यातून नदीकाठी तो योहान, येशूला बाप्तिस्मा देणारा, उभा राहिला आणि त्याने दोन गोष्टी बदलल्या. आधी माणूस आपला आपण बुडी मारायचा, योहान स्वतः लोकांना बुडवू लागला. आणि आधी लोक पुन्हा पुन्हा धूत, हा म्हणाला, मन फिरव आणि एकदा धू. एकदा, बारक्या. हा शब्द मी खाली रेघ मारून लिहिलाय.

आता तू विचारलंच आहेस तर सांगते. चिमणी दीड महिन्याची असताना मी तिला हातात धरून उभी होते. पाळकांनी तिच्या डोक्यावर तीनदा पाणी घातलं, ती किंचाळली आणि तुझे दाजी हसले. झाला बाप्तिस्मा. आज बाईसाहेब अठ्ठावीस वर्षांच्या आहेत आणि कुठल्याशा नव्या ख्रिस्ती मंडळीत जातात. त्यांचं म्हणणं की तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा खरा नाही, डोक्यावर चार थेंब म्हणजे बाप्तिस्मा नव्हे. सोळा नोव्हेंबरला ही पूर्ण बुडून पुन्हा बाप्तिस्मा घेणार. मी सांगितलं, तू ते केलंस तर मी तुझ्यासाठी जे केलं ते गटारात ओतलंस असं समजेन. त्या दिवसापासून पाच आठवडे आम्ही बोललेलो नाही. पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या काळातली एक पुस्तिका आहे, तिच्यात स्वच्छ लिहिलंय की डोक्यावर तीनदा ओतलं तरी पुरे. याच्यापुढे आणखी काय पुरावा हवा?

तेव्हा पाणी किती, कुठलं, आधी कुठलं आणि नंतर कुठलं, याला काडीचाही अर्थ नाही. पाणी म्हणजे पाणी. खुशाल राहू दे.

ताई

१२ ऑक्टोबर

ताई,

पुढचंही वाचलं. सगळं वाचलं.

तू म्हणालीस म्हणून पाणी राहू दिलं. परवा दुपारी दोन तास असा कोसळला की पन्हळ दुथडी वाहत होती. टाकी वरच्या पायरीला लागली. हवामानवाले म्हणतात, या मोसमातला हा शेवटचा. वेळ साधली म्हणायची. घड्याळजी चार दिवसांत परततील, त्यांच्या हवाली केली की मी मोकळा.

एक बोलू? रागावू नकोस. माझ्या टाकीला तू मोजून चार ओळी दिल्यास आणि चिमणीला दीड पान. पत्र मला होतं की तिला, हेच कळेना. तिचंही मला पत्र आलंय, सोळा तारखेला मामाने यावं म्हणून. दाजी असते तर त्यांनी तुम्हा दोघींना एका टेबलाशी बसवलं असतं. आता तू गेली नाहीस तर तिथे तिचं स्वतःचं असं माणूस कोण? मी जाऊ का?

बारक्या

१४ ऑक्टोबर

बारक्या,

तुझं उत्तर अजून आलेलं नाही, पण थांबायला वेळ नाही. पाऊस पडला नसेल तर हे पत्र हातात पडताच टाकी रिकामी कर. प्लास्टर तडकलं तर तडकू दे.

काल मी विद्यालयाच्या ग्रंथालयात गेले होते. चिमणीला आठ पानी पत्र लिहायचं होतं, त्यासाठी दारूगोळा जमवत होते. म्हटलं, ज्यूंच्या जुन्या कायद्यात हौदांवर सबंध प्रकरण आहे, ते एकदा नजरेखालून घालावं. एकतीस वर्षांत मी ते कधी नीट वाचलं नव्हतं, नुसतं त्याच्याबद्दल शिकवत होते. थोडं वाचलं आणि थोबाडीत बसल्यासारखं झालं.

आभाळातून किंवा झऱ्यातून आपल्या पायाने आलेलं पाणी चालतं. माणसाने भांड्यात घेऊन ओतलेलं, साठवून नळाने सोडलेलं, ते उपसलेलं पाणी. तेवढ्यावर हौद होत नाही. ठरलेल्या मापाइतकं आभाळाचं पाणी एकदा साचलं की मग नळाचं कितीही घाला, पहिलं पाणी त्याला आपल्यात सामावून घेतं. पण आधीच तळाशी तीन पेले उपसलेलं असेल, तर वरून ढग फुटला तरी फुकट. म्हणजे त्या कागदावरचा क्रम हाच सगळा मुद्दा होता. तू नेमकं तेच विचारलंस आणि मी म्हटलं, काडीचा अर्थ नाही.

मी चुकले. हे वाक्य जपून ठेव, वारंवार मिळायचं नाही.

ताई

१८ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र परवा सकाळी मिळालं आणि दुपारी घड्याळजी आले.

एका डोळ्यावर अजून काळं झाकण आहे. चाचपडत काठावर बसले आणि पाण्यात कोपरापर्यंत हात घातला. नात सोबत होती. तिने मला विचारलं, केस मोकळे सोडले तर तरंगून वर राहतील का, कारण एक केससुद्धा बाहेर राहिलेला चालत नाही. मी म्हटलं, खोली पुरेशी आहे. घड्याळजी म्हणाले, त्यांची बायको शेवटपर्यंत त्या बसने जात राहिली. मग त्यांनी माझे दोन्ही हात धरले. तुझं पत्र माझ्या खिशात होतं. पन्हळ बघायच्या निमित्ताने मी तिथून सटकलो.

आता दोन दिवस विचार करतोय. पाणी दिसायला सारखंच आहे. तुला आणि मला सोडून कुणाला ठाऊक नाही, आणि कुणाला कळायचंही नाही. खरं बोललो तर टाकी उपसावी लागेल, पाऊस आता कित्येक महिने नाही, आणि ती पोर लग्नाच्या तोंडावर सहा तास बसमध्ये बसेल. गप्प राहिलो तर म्हातारा खूश, नात खूश. माझंही नाव राहतं. तीस वर्षांत माझ्या कामाला कुणी बोट लावलेलं नाही.

गप्प राहू का? तू जाणती, तूच सांग. पाणी म्हणजे पाणी, हे तुझंच ना?

बारक्या

२१ ऑक्टोबर

बारक्या,

नाही. गप्प राहायचं नाही. आजच्या आज जा.

माझं वाक्य माझ्याच तोंडावर मारलंस ते बरं केलंस. ते पाणी तिचं आणि तिच्या देवाचं आहे. ती त्यात विश्वासाने उतरणार, आणि आपण दोघं तिथे खोटं घेऊन मधे उभे राहणार? आपल्याला ते पाणी सारखं दिसतं याला महत्त्व नाही. बुडी आपल्याला मारायची नाही.

आणखी एक कबूल करते. त्या पुस्तिकेचा मी तुला शेवटचा तुकडा तोडून पाठवला होता. पूर्ण मजकूर असा आहे की वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्या. वाहतं नसेल तर दुसऱ्या पाण्यात. थंड जमत नसेल तर कोमट. आणि दोन्ही नसेल, तर डोक्यावर तीनदा ओता. ओतणं चालतं, हे माझं खरं. पण ते रांगेत शेवटी उभं आहे, हे मी गिळलं. मला चिमणीला हरवायचं होतं. तू टाकीचं विचारलंस आणि मी तुझ्या आडून तिच्याशी भांडत बसले. त्यात तुझी टाकी बुडाली.

आता कामाचं. त्याच प्रकरणात पुढे बर्फ आहे. हिम, गारा, बर्फ हे उपसलेल्या पाण्यात धरत नाहीत, हाताने वाहून आणले तरी. कोरड्या हौदात बर्फ ठेवला आणि तो तिथेच वितळला, तर ते पाणी त्या जागीच झालं असं मानतात. तुझ्या गावात बर्फाचा कारखाना असेलच. पण माझ्या शब्दावर आता एक थेंबही इकडचा तिकडे करू नकोस. घड्याळजींना सांग, त्यांना त्यांच्या गुरूंना विचारू दे. आणि चूक माझी आहे हे पहिल्या वाक्यात सांग, शेवटच्या नको.

ताई

८ नोव्हेंबर

ताई,

उशीर झाला, पण हात रिकामे नव्हते.

पत्र मिळालं तसा उठलो आणि घड्याळजींच्या दुकानात गेलो. सगळं सांगितलं. चूक तुझी असं मात्र सांगितलं नाही. कागद माझ्या हातात होता, पाइपही माझ्या हातात होता. त्यांनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं. मला वाटलं, आता हाकलतात. मग म्हणाले, "पन्नास वर्षं इथे बसलोय. घड्याळ मिनिटभर मागे चाललं तर गिऱ्हाईकाला कळत नाही. ज्याने ते उघडलं त्यालाच कळतं. तू उघडून दाखवलंस."

बर्फाचं नाव काढताच त्यांचा उघडा डोळा चमकला. त्यांनी ऐकलेलं होतं, पण कधी केलेलं नव्हतं. गुरूंना फोन लावला. गुरूंनी दोनच प्रश्न विचारले. टाकी पूर्ण कोरडी होईल का, आणि बर्फाचं वाटेत वितळलेलं पाणी बाहेरच राहील का? मी शेजारून ओरडून सांगितलं, दोन्हीची जबाबदारी माझी.

पंपाने उपसली, मग डब्याने, मग गुडघ्यांवर बसून फडक्याने. कोपरे मी बोटाने तपासले. प्लास्टर पिकलं होतं, कुठे केसभर चीर नाही. मासळीबाजाराला बर्फ देणाऱ्या कारखान्यातून बारा लाद्या आणल्या. मालक विचारत होता, एवढी कसली मेजवानी? प्रत्येक लादी दारात पुसायची, फळीवरून सरकवायची आणि अलगद तळाशी सोडायची. दहा घरांतले सगळे पुरुष रांगेत उभे, आणि घड्याळजी काळा चष्मा लावून सगळ्यांवर ओरडतायत. वितळायला अडीच दिवस लागले. ते खुर्ची टाकून तिथेच बसून होते. खुणेच्या दोन बोटं वर पाणी आलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने नळ सोडला.

परवा नात उतरली. आत फक्त बायका, आम्ही भिंतीबाहेर. तीन वेळा पाण्याचा आवाज आला आणि दर वेळी आतल्या म्हातारीने मोठ्याने सांगितलं की झालं, शुद्ध. घड्याळजी भिंतीला टेकून रडले. मीही रडलो, सांगायला लाज कसली. उद्या लग्न.

लाद्यांनी माझी पाठ मात्र धरली. डॉक्टरांनी बसचा प्रवास बंद केलाय, तेव्हा सोळा तारखेला मला येता येणार नाही. तुला एकच विचारतो. पुन्हा बाप्तिस्मा का घ्यायचाय, हे तू चिमणीला विचारलंस का? तुझं ते आठ पानी पत्र राहू दे. नुसतं विचारलंस का?

बारक्या

१७ नोव्हेंबर

बारक्या,

विचारलं नव्हतं. दहा-अकरा आठवडे अबोला आणि त्याआधी महिनाभर भांडण, त्यात मी तिला बाप्तिस्म्याचा सगळा इतिहास ऐकवला, पण "का" एवढं एक अक्षर माझ्या तोंडून निघालं नव्हतं. तुझं पत्र वाचून मला माझाच राग आला.

शनिवारी तिच्या खोलीवर गेले. तीन जिने चढून, दम लागलेला, आणि तिने दार उघडताच उंबऱ्यातच विचारलं. तिने आधी माझ्या हातातली पिशवी घेतली. मग म्हणाली, "आई, तेव्हा तू माझ्या वतीने हो म्हणालीस. त्या होवरच मी इतकी वर्षं चालले. आता मला ते माझ्या तोंडाने म्हणायचंय."

यात गटारात ओतण्यासारखं काय होतं, तूच सांग. मी त्या पोरीला किती बोलले.

माझं मत बदललेलं नाही हे लक्षात ठेव. बाप्तिस्मा एकदाच, आणि तिचा झालेला आहे. हे मी तिला तिथेही सांगितलं. ती म्हणाली, ठाऊक आहे, आत ये, पाणी घे. मग आम्ही दोघी तिच्या एकाच खाटेवर झोपलो. ती लहानपणी झोपायची तशीच आडवीतिडवी झोपते, माझी पाठ तुझ्यासारखी झाली.

काल सकाळी गेलो. त्यांचं सभागृह म्हणजे पूर्वीचं गोदाम आहे. पुढे चौकोनी टाकी, निळ्या फरशीची, एका बाजूला पायऱ्या. पाणी कोमट होतं आणि नळाचं होतं, मी हात घालून पाहिलं आणि कुणालाही काही बोलले नाही. सहा जण होते, चिमणी चौथी. पाळक तरुण आहेत, कमरेइतक्या पाण्यात उभे होते. त्यांनी तिला विचारलं आणि ती हो म्हणाली, अगदी शेवटच्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मग त्यांनी तिला मागे झुकवलं आणि पाणी तिच्या तोंडावरून मिटलं.

एकतीस वर्षं मी शिकवलं की पाण्याखाली जाणं म्हणजे मरण आणि वर येणं म्हणजे नवा जन्म. परीक्षेला प्रश्न घातलेत त्यावर. त्या वेळी मला त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. माझी मुलगी पाण्याखाली होती, एवढंच. मग ती वर आली, खोकत, केस तोंडावर, डोळे घट्ट मिटलेले, आणि हात पुढे करून चाचपडत होती. मी कधी उठले ते मला माहीत नाही. भान आलं तेव्हा मी पायांतल्या बुटांसकट दोन पायऱ्या पाण्यात उतरलेली होते.

पाळकांना वाटलं, म्हाताऱ्या बाईंनाही घ्यायचाय. त्यांनी मोठ्या आदराने हात पुढे केला. मी म्हटलं, "नाही हो, माझा कधीच झालाय. मी हिला घ्यायला आलेय."

ताई